साथ ओसरली, सहवासाचे काय?

मराठवाड्याच्या माणसाला संकट नवे नाही. लातूर जिल्ह्याला तर ते मुळीच नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली, हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली, आणि उजाडताच मिळेल त्या वाहनाने माणसे तिकडे धावली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा हुकूम लागला आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. टँकरपुढे भांडणे झाली खरी. परंतु ती एका रांगेत उभ्या असलेल्या माणसांची भांडणे होती. भूकंप काय, अवर्षण काय, या आपत्तींनी माणसाला माणसाजवळ ढकलले. २०२० साली आलेल्या आपत्तीची जातच निराळी. तिच्यात शेजाऱ्याच्या मदतीला धावणे हा धोका ठरला आणि दार लावून घरात बसणे हे कर्तव्य ठरले.

साथी पूर्वीही आल्या. प्लेगच्या भयाने गावे ओस पडत. पण तेव्हा सारा गाव माळावर जाऊन झोपड्या घालून राही. घर सुटे, गाव सुटत नसे. ज्या १८९७ च्या कायद्याचा जन्म त्या प्लेगमध्ये झाला, तोच कायदा महाराष्ट्र शासनाने १३ मार्च २०२० रोजी पुन्हा बाहेर काढला. त्याच्या दोनच दिवस आधी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाच्या साथीला जागतिक महासाथ म्हणून घोषित केले होते. २२ मार्चला जनता संचारबंदी झाली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. पुढे ५ मे २०२३ रोजी त्याच संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचे सांगितले. कागदोपत्री हा हिशेब तीन वर्षांचा आहे. पण आपल्या वागण्याबोलण्यात जे बदलले, त्याचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही. आजाराचा हिशेब आरोग्य खाते ठेवते, नुकसानीचा महसूल खाते ठेवते. माणसामाणसांतील व्यवहाराचे खाते कोणत्याच कचेरीत नसते.

या प्रश्नाचा विचार मोठ्या शहरांच्या संदर्भात पुष्कळ झाला आहे. घरून काम करणारे संगणक अभियंते, ओस पडलेली कार्यालये, मुंबई-पुण्याच्या सोसायट्या यांविषयी बरेच लिहून आले. येथे विचार करावयाचा आहे तो रेणापूरसारख्या गावाचा. लातूरहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर वीसेक किलोमीटरवरचे हे तालुक्याचे ठिकाण. रेणा नदी, रेणुकादेवीचे मंदिर, तहसील कचेरी, आठवडी बाजार, शाळा-महाविद्यालये आणि लातूरला शिकावयास जाणारी पोरेपोरी, असा या गावाचा संसार. अशा गावात शाळेबाहेरही एक शाळा भरत असते. बाजारात आईच्या मागे पिशवी धरून चालणारा मुलगा घासाघीस कोठवर करावी आणि कोठे थांबावी हे शिकतो. लग्नाच्या पंगतीत वाढताना आग्रह किती करावा, म्हाताऱ्या पाहुण्याच्या ताटात काय वाढावे, हे कोणी पुस्तकातून सांगत नाही. गच्च भरलेल्या एस. टी.त उभे राहून प्रवास करणारी मुलगी अनोळखी माणसाशी किती बोलावे, कोणाला मामा म्हणावे, कोणाकडे पाठ फिरवावी, हे आपोआप जाणते. तहसीलच्या खिडकीपाशी वडिलांबरोबर उभा राहिलेला पोरगा कारकुनापुढे अर्ज कसा मांडावयाचा हे पाहून घेतो. या शाळेला इमारत नाही, हजेरीपट नाही, परीक्षाही नाही. म्हणूनच ती बंद पडली तेव्हा ती बंद पडल्याची नोंद झाली नाही.

ती किती काळ बंद होती हे आठवून पाहावे. मंदिरांची दारे मार्च २०२० मध्ये लागली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. म्हणजे त्या वर्षीचे नवरात्र देवीच्या भक्तांना देवळाच्या बाहेरच काढावे लागले. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. जिल्ह्याबाहेर जाणारी एस. टी. २० ऑगस्ट २०२० पर्यंत थांबलेली होती. लग्नाला प्रथम पन्नास माणसे, आणि एप्रिल २०२१ च्या आदेशाने तर पंचवीसच माणसे. तीही दोन तासांत आटोपावयाची, नियम मोडल्यास पन्नास हजार रुपये दंड. अंत्यविधीला वीस माणसे.

अंत्यविधीच्या या वीस माणसांपाशी थोडे थांबले पाहिजे. अधिकृत नोंदीप्रमाणे महाराष्ट्रात या साथीने सुमारे १ लाख ४८ हजार माणसे नेली. त्यांपैकी कित्येकांना खांदा मिळाला नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला देह नगरपालिकेच्या माणसांनी अग्नीच्या स्वाधीन केला. आपल्याकडे कोणाच्या घरी मृत्यू झाला की माणसे नुसती जाऊन बसतात. बोलत नाहीत, बोलण्यासारखे काही नसतेही. राख सावडण्यास जातात, दहाव्याला जातात, त्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारून भाकरी येते. शोक कसा करावा यापेक्षा शोकात असलेल्या माणसाजवळ कसे बसावे, ही फार अवघड विद्या आहे आणि ती केवळ जाऊन बसण्यानेच येते. दोन वर्षे हे जाणे-येणे तुटले. त्या जागी मोबाइलवरचे दोन जोडलेले हात आले, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची तयार चित्रे आली. तेव्हा ते योग्यच होते, दुसरा इलाजच नव्हता. पण आज रस्ते मोकळे आहेत, गाड्या धावत आहेत, तरीही गल्लीतल्या गल्लीत सांत्वनाचा निरोप मोबाइलवर टाकून मोकळे होणारे सुशिक्षित आपण सर्वजण पाहतो. संकटकाळची सवलत ही सोयीची सवय होऊन बसली, ती अशी. लग्नाच्या आमंत्रणाचेही तेच. पत्रिका देण्यास घरोघर जावे, चहा घ्यावा, थोरामोठ्यांच्या पाया पडावे, हा जो शिष्टाचार होता त्याची जागा मोबाइलवरून आलेल्या पत्रिकेने घेतली. वेळ वाचतो, पैसा वाचतो, हे खरे. वाचलेल्या वेळाचे आपण काय केले, हा प्रश्न मात्र विचारू नये!

तंत्रज्ञानाला दोष देऊन हा विषय संपविणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. मोबाइलवरून पैसे देण्याची यूपीआय ही व्यवस्था एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली. मार्च २०२० मध्ये देशात तिचे महिन्याचे व्यवहार सुमारे १२५ कोटी होते. ऑगस्ट २०२३ मध्ये ते एक हजार कोटींच्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दोन हजार कोटींच्या पुढे गेले. नोटेला हात लावण्याची भीती हे या वाढीचे एकमेव कारण नव्हे. परंतु भाजीच्या पाटीशेजारी ठिपक्यांचा तो चौकोन येऊन बसला, त्याला त्या भीतीने हात दिला यात शंका नाही. सुट्ट्या पैशांचा वाद मिटला, गावी राहिलेल्या आईबापांना पुण्याहून क्षणात पैसे मिळू लागले. ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करू लागला. ई-पीक पाहणीच्या त्या सोयीने तलाठ्याच्या मागे हिंडण्याचे त्याचे काही हेलपाटे वाचले. तलाठ्याच्या पायऱ्या झिजविणे ही काही जपून ठेवावी अशी संस्कृती नव्हती.

तथापि, सोय सर्वांपर्यंत सारखी पोचत नाही, हेही याच काळाने दाखविले. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. पण नोंदणी केवळ मोबाइलवर. परिणाम असा झाला की, शहरातील चपळ बोटांनी खेड्यातील केंद्रांवरच्या जागा घेतल्या आणि मोटारीतून येऊन लस टोचून घेतली. ज्याच्या गावचे केंद्र, तो दाराशी उभा. तीन आठवड्यांनंतर, २४ मे रोजी, थेट केंद्रावर नोंदणी करण्याची मुभा सरकारी केंद्रांना मिळाली. यंत्र निःपक्षपाती असते असे म्हणतात. ते ज्याच्या हाती आहे त्याच्या बाजूने निःपक्षपाती असते, एवढेच.

आणि आता मुलांविषयी. या साऱ्या लेखाचा जीव तेथे आहे.

साथ ऐन भरात असताना जगातील १६० कोटी मुलांच्या शाळा बंद होत्या, असे युनेस्कोने नोंदविले आहे. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजी शाळा उघडल्या त्या सर्वांत लहान मुलांसाठी आधी. आपण नेमके उलट केले. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावी, २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवी, पुन्हा दुसरी लाट, पुन्हा बंदी. आणि ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडावयास १ डिसेंबर २०२१ उजाडला. जवळजवळ वीस महिने! त्याआधी, ५ ऑक्टोबर २०२० पासून, राज्यातील उपाहारगृहे आणि मद्यालये निम्म्या क्षमतेने सुरू झालेली होती. डेन्मार्कच्या वर्गात मुले थोडी असतात आणि आपल्याकडे दाटी असते, हे मान्य करूनही हा क्रम क्षम्य ठरत नाही. परीक्षा असलेल्यांची चिंता आधी करावयाची आणि ज्यांना परीक्षा नाही त्यांना शेवटी ठेवावयाचे, ही आपल्या शिक्षणविचाराची खरी मोजपट्टी होती. वस्तुतः बारावीचा विद्यार्थी पुस्तक घेऊन एकटा बसू शकतो. सहा वर्षांच्या मुलाला मात्र शेजारी दुसरे मूल लागते. रांगेत उभे राहणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, खडू मागणे, भांडणे आणि मधल्या सुटीत तेच भांडण विसरणे, हा पहिलीचा खरा अभ्यासक्रम असतो.

घरी काय मिळाले? ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ अशी मोहीम निघाली. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली; ती चांगली होती. कित्येक जिल्हा परिषद शिक्षकांनी गावोगाव ओट्यांवर, देवळाच्या मंडपात, झाडाखाली चार-चार मुले गोळा करून शिकविले, आणि त्यांच्या या कामाची पुरेशी दखल घेतली गेली नाही हे येथे नमूद केले पाहिजे. पण मुख्य मदार होती ती मोबाइलवर. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुले असलेल्या घरांपैकी २०१८ मध्ये सुमारे ३६ टक्के घरांत स्मार्टफोन होता, २०२० मध्ये तो सुमारे ६२ टक्के घरांत दिसला. शेळी विकून किंवा उधार-उसनवार करून तो शाळेसाठी घेतला गेला. शाळेसाठी आलेला हा पाहुणा शाळा उघडल्यावर परत गेला नाही. २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी मागील आठवड्यात त्याचा उपयोग अभ्यासासाठी केल्याचे सांगितले, आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. या आकड्यांवर अधिक भाष्याची गरज नाही.

वाचनाची घसरण मोजली गेली. देशातील ग्रामीण भागात दुसरीचा धडा वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७ टक्के होती, २०२२ मध्ये ती साधारण २० टक्क्यांवर आली, आणि २०२४ मध्ये पुन्हा २७ टक्क्यांपर्यंत चढली. शाळा आणि शिक्षक यांच्या कष्टांचे हे यश आहे. जे मोजले गेले ते भरूनही निघाले. जे मोजलेच नाही त्याचे काय झाले? वर्गात उभे राहून शंका विचारण्याचे धैर्य, पाहुण्याशी दोन वाक्ये बोलण्याची रीत, दूरध्वनीवर ‘कोण बोलतंय?’ याऐवजी आधी आपले नाव सांगण्याची सवय, पोष्टात वा बँकेत जाऊन काम करून येण्याचा आत्मविश्वास, यांची चाचणी कोणी घेत नाही. कोणत्याही शिक्षकाला विचारून पहा. मुले प्रश्न विचारीत नाहीत, लिहून पाठवू का म्हणतात. समूहात बोलण्यास उभे केले की मान खाली घालतात आणि त्याच रात्री मोबाइलवरच्या गटात तासन्‌तास गप्पा करतात, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. शब्द त्यांच्यापाशी आहेत. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत ते उच्चारण्याचा सराव तुटला आहे.

त्यातच आपल्या भागातील मुलांवर आणखी एक आघात झाला, ज्याचा विसर लौकर पडला. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग पुन्हा सुरू झाले आणि महिना संपतो न संपतो तोच एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या रास्त होत्या की नव्हत्या, हा वेगळा विषय आहे. पण शाळा उघडली आणि शाळेला नेणारी गाडी थांबली, ही गोष्ट वाडीवस्तीवरच्या मुलींच्या दृष्टीने लहान नव्हती. मुलगा कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून गेला. मुलीला ‘राहू दे, मोबाइलवर शीक’ असे सांगणे सोपे झाले. एस. टी. हे केवळ वाहन नाही. चार गावच्या मुली एका थांब्यावर जमतात, एकमेकींची नावे-गावे कळतात, वह्यांची देवाणघेवाण होते. खेड्यातल्या मुलीला घराबाहेरचे जग प्रथम तेथे भेटते.

यावर कोणी म्हणेल, पूर्वीचा सहवास तरी इतका निर्मळ होता काय? प्रश्न योग्य आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. २०२० साली ‘सामाजिक अंतर’ हा शब्द सरकारी फलकांवर झळकला, तेव्हा या राज्यातील अनेकांच्या अंगावर काटा आला असेल. ज्या समाजाने शतकानुशतके काही माणसांना गावकुसाबाहेर ठेवून सामाजिक अंतर पाळले, त्याला तेच पुन्हा पाळण्याचा उपदेश! जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ असे म्हणावयास सुरुवात केली होती. आपले फलक मात्र तसेच राहिले. रेणापूर तालुक्यातील पानगावला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी असलेले स्मारक आहे. तेथे ६ डिसेंबरला जी माणसे येतात, त्यांना एकत्र येण्याचे मोल इतरांपेक्षा अधिक ठाऊक आहे. कारण एकत्र येणे ही त्यांच्यासाठी केवळ चालरीत नसून मिळविलेली वस्तू आहे. पूर्वीची पंगत सर्वांची नव्हती, ओट्यावरची बैठक बहुधा पुरुषांचीच होती, आणि विधवेला हळदीकुंकवातून उठविणारा सहवास परत यावा असे कोणी म्हणणार नाही. कोरोनाने अकाली वैधव्य आलेल्या स्त्रियांची संख्या वाढली, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांच्या विरुद्ध ठराव केला. विस्कटलेली घडी पुन्हा घालताना ती जुन्याच दुमडीवर घालण्याचे कारण नाही, हे त्या गावाने दाखविले.

मोबाइलच्या बाबतीतही काही गावांनी स्वतःहून हालचाल केली. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. तो वाजला की दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद, आणि साडेआठपर्यंत अभ्यास-वाचन. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सीच्या ग्रामपंचायतीने त्याच वर्षी अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला आणि दंडही ठेवला. या दोहोंत वडगावची रीत अधिक शहाणपणाची वाटते. बंदी फक्त मुलावर घातली की मूल लपवावयास शिकते. भोंगा वाजतो तो बापासाठीही वाजतो, आणि ती दीड तासाची शांतता सर्व घराची असते. मोठी माणसे जेवताना मान खाली घालून मोबाइल पाहणार आणि मुलांना समाजात मिसळण्याचा उपदेश करणार, हा व्यवहार किती दिवस चालेल?

रेणापूरला भोंगा हवाच असे नाही. येथे आठवडी बाजार आहे, त्याचा उपयोग शाळांनी करावा. पुष्कळ जिल्हा परिषद शाळांत ‘बालआनंद मेळावा’ भरतो. मुले भाजी विकतात, हिशेब करतात. तो वर्षातून एक दिवसाचा आणि छायाचित्रापुरता न ठेवता, सहावी-सातवीच्या मुलांनी खऱ्या बाजारात महिन्यातून एकदा खरी खरेदी करावी, पोष्टात पत्र टाकावे, ग्रामपंचायतीत जाऊन एखादी माहिती विचारून यावी. शिक्षकांच्या माथी आणखी एक उपक्रम मारावयाचा आणि वर त्याची छायाचित्रे मागवावयाची, असे मात्र होऊ नये. छायाचित्र न पाठविण्याची अट घालूनच हा उपक्रम द्यावा. गृहभेटींची जुनी पद्धत पुन्हा सुरू करता येईल. गटावर सूचना टाकल्याने पालकांपर्यंत सूचना पोचते, शिक्षक पोचत नाही.

आणि खिडकीच्या आतल्या बाजूस बसणाऱ्या मंडळींनाही दोन शब्द. साथीच्या काळात कचेऱ्यांतून टेबलापुढे दोऱ्या बांधल्या गेल्या, काचा आल्या. दोऱ्या सुटल्या, परंतु ‘ऑनलाइन भरा’ हे उत्तर राहिले. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून सबंध राज्यात मोबाइल-संगणकावरूनच होऊ लागले. शिष्यवृत्ती, दाखले यांचेही तेच. प्रवेशाच्या गडबडीत गोंधळलेला मुलगा बापाला घेऊन महाविद्यालयाच्या कचेरीत येतो तेव्हा त्याला संकेतस्थळाचे नाव सांगून परतविण्याऐवजी पाच मिनिटे बसवून घेतले, तर अर्ज तर भरला जाईलच. शिवाय मोठ्या माणसाशी काम कसे बोलावे याचा धडा त्याला तेथेच मिळेल.

२०२० च्या जूनमध्ये ज्यांची नावे पहिलीत घातली गेली आणि ज्यांनी तो वर्ग आतून पाहिलाच नाही, ती मुले २०२५ च्या जूनमध्ये सहावीत गेली. मार्च २०३० मध्ये ती दहावीच्या परीक्षेला बसतील. त्यांच्या गणिताची आणि इंग्रजीची काळजी घेणाऱ्या शिकवण्या लातूरपासून रेणापूरपर्यंत पुरेशा आहेत.